त्वचेसाठी साखर: बाटलीतली संजीवनी आणि टाचेची भेग

गेल्या जानेवारीत एक काका दवाखान्यात आले. वय ६४, मधुमेहाला १४ वर्षं झालेली. सोबत सूनबाई होत्या. काकांच्या उजव्या टाचेला खोल भेग पडली होती. कडा पांढऱ्या, कडक, आणि मधून थोडं पाणी येत होतं. "दुखतं का?" विचारलं तर म्हणाले, "नाही डॉक्टरसाहेब, अजिबात नाही." मधुमेही माणसाची अशी भेग दुखत नसली की डॉक्टरला जास्त काळजी वाटते.

दिवाळीच्या आधी मी त्यांना रोज रात्री टाचांना लावायला एक साधं युरियाचं क्रीम दिलं होतं. ते लावणं का बंद केलं, हे विचारल्यावर सूनबाईंनी पिशवीतून एक नाजूक काचेची बाटली काढली. काकांची नात पुण्यात शिकते. आजोबांच्या टाचा पाहून तिला वाईट वाटलं, म्हणून तिने स्वतःचं नवं सीरम त्यांना देऊन टाकलं होतं. ३० मिलीची बाटली, किंमत ११९९ रुपये. त्यावर लिहिलं होतं, वनस्पतिजन्य साखर, ट्रेहॅलोज, त्वचेला खोलवर ओलावा.

काकांनी 'साखर' हा शब्द वाचला आणि घाबरले. "तोंडाने साखर बंद केली, आता कातड्यातून कशाला घालायची?" असं म्हणून त्यांनी सीरम लावलं नाहीच. शिवाय सगळ्या क्रीममध्ये असंच काहीतरी असणार म्हणून माझं क्रीमही बाजूला ठेवून दिलं. दोन महिने टाचेला काहीच लागलं नाही.

या घरात एकाच बाटलीबद्दल दोन गैरसमज झाले. नातीला वाटलं, महाग आणि नैसर्गिक आहे म्हणजे आजोबांच्या टाचेला नक्की गुण येईल. आजोबांना वाटलं, साखर आहे म्हणजे अंगात जाईल. दोघांचाही हेतू चांगलाच होता, पण त्याची किंमत टाचेने मोजली. या साखरेबद्दल अलीकडे मला बरेच जण विचारतात. म्हणून आज सविस्तर लिहितो आहे.

ही साखर नेमकी कोणती?

ट्रेहॅलोज म्हणजे ग्लुकोजचे दोन रेणू एकमेकांना जोडून तयार झालेली साखर. आपली रोजची साखर, म्हणजे सुक्रोज, हीसुद्धा दोन रेणूंचीच असते, पण तिच्यात एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज असतो. ट्रेहॅलोज चवीला आपल्या साखरेपेक्षा बरीच कमी गोड असते. अळिंबी, यीस्ट, कीटकांचं रक्त आणि काही वनस्पती यांत ती निसर्गतः सापडते.

१८३२ मध्ये ती राय या धान्यावर वाढणाऱ्या अर्गट बुरशीत पहिल्यांदा आढळली. पुढे १८५९ मध्ये बर्थेलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ती 'ट्रेहाला' नावाच्या पदार्थातून वेगळी केली आणि त्यावरून तिला हे नाव मिळालं. ट्रेहाला म्हणजे मध्यपूर्वेतल्या एका भुंगेऱ्याने झुडपावर बनवलेला गोड कोश. म्हणजे 'वनस्पतिजन्य' म्हणून मिरवणाऱ्या या साखरेचं नाव किड्याच्या घरावरून आलेलं आहे.

तिला खरी प्रसिद्धी मिळाली ती मात्र एका वाळवंटी वनस्पतीमुळे. मेक्सिको आणि टेक्सासच्या कोरड्या भागात सेलाजिनेला लेपिडोफायला ही नेच्यांच्या दूरच्या नात्यातली वनस्पती वाढते. पाऊस नसला की ती सुकून तपकिरी गोळा होते आणि मेलेलीच वाटते. पाणी मिळालं की काही तासांत पुन्हा हिरवी होऊन पसरते. तिच्या पेशींत ट्रेहॅलोज भरपूर असते. पेशीतलं पाणी जातं तेव्हा ही साखर त्या पाण्याच्या जागी उभी राहते, पेशींची आवरणं आणि प्रथिनं यांना आधार देते, आणि काचेसारखी घट्ट होऊन सगळी रचना आहे तशी धरून ठेवते.

अशा वनस्पती आपल्याकडेही आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात सुकून पुन्हा जिवंत होणाऱ्या ६२ प्रजातींची नोंद केली आहे. सह्याद्रीच्या कातळावर उन्हाळ्यात वाळून गेलेलं गवत पहिल्या पावसानंतर हिरवं झालेलं तुम्हीही पाहिलं असेल. पण सगळ्याच अशा वनस्पती ट्रेहॅलोज वापरतात असं नाही. फुलं येणाऱ्या ज्या वनस्पती सुकून पुन्हा जिवंत होतात, त्यांत या कामासाठी बहुधा सुक्रोज साठतं. म्हणजे आपल्या चहातलीच साखर! पण 'चहातली साखर' असं बाटलीवर लिहिलं तर बाटली कोण घेईल?

आणखी एक गोष्ट. बाटलीतली ट्रेहॅलोज त्या वाळवंटी वनस्पतीतून काढलेली नसते. १९९० च्या दशकात जपानमधल्या हायाशिबारा कंपनीने पिठूळ स्टार्चपासून एन्झाइमच्या मदतीने ट्रेहॅलोज मोठ्या प्रमाणात बनवण्याची पद्धत शोधली आणि तिची किंमत कोसळली. आज ही साखर मका किंवा टॅपिओकाच्या स्टार्चपासून कारखान्यात तयार होते. टॅपिओका म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. यात वाईट काहीच नाही, ती साखर शुद्धच असते. फक्त बाटलीवरचं वाळवंटातलं चित्र आणि आतला माल यांचा संबंध दूरचा आहे, एवढं लक्षात ठेवा.

त्वचेत पाणी टिकतं कसं?

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. अंगावर बहुतेक ठिकाणी तो कागदापेक्षाही पातळ असतो, तळहात आणि तळपायावर मात्र जाड. या थराची रचना भिंतीसारखी असते. पेशी म्हणजे विटा आणि मधली चरबी म्हणजे चुना. या थरात पुरेसं पाणी असलं की त्वचा मऊ राहते. पाण्याचं प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या खाली गेलं की ती खरखरीत होते, कोंडा सुटतो, ताण पडला की चिरते.

विटांच्या आत पाणी धरून ठेवणारे पदार्थ शरीर स्वतःच बनवतं. त्यात अमायनो आम्लं असतात, युरिया असतो, लॅक्टिक आम्लाचे क्षार असतात आणि थोड्या प्रमाणात साखरही असते. म्हणजे साखर त्वचेला परकी नाही.

आता बाहेरून लावायच्या गोष्टींकडे येऊ. त्यांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला, पाणी ओढून धरणारे: ग्लिसरीन, युरिया, हायलुरॉनिक आम्ल आणि साखरेच्या कुळातले पदार्थ. दुसरा, भेगा आणि खाचा भरून त्वचा गुळगुळीत करणारी तेलं आणि चरबी. तिसरा, वर झाकण घालणारे: पेट्रोलियम जेली, पॅराफिन, मेण.

पहिला प्रकार समजून घ्यायला स्वयंपाकघरातला गूळ पाहा. माझी बहीण रत्नागिरीला असते. तिच्याकडे पावसाळ्यात गुळाच्या डब्यात पाणी सुटतं. आमच्याकडे मराठवाड्यात थंडीत तोच गूळ असा दगड होतो की फोडायला बत्ता लागतो. गूळ हवेतलं पाणी ओढतो, पण ओढायला हवेत पाणी हवं. ग्लिसरीनही असंच वागतं. दमट हवेत त्याला बाहेरून पाणी मिळतं. कोरड्या हवेत नुसतं ग्लिसरीन लावलं तर ते त्वचेच्या खालच्या थरातून पाणी वर ओढू शकतं आणि तेही वरून उडून जातं. म्हणून अंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच ते लावायचं आणि वर झाकण घालायचं.

ट्रेहॅलोज गुळासारखी पाझरत नाही. पावसाळ्यातही तिचे स्फटिक बऱ्यापैकी कोरडे राहतात. तिचं कौशल्य आहे असलेल्या पाण्याशी जुळवून राहण्याचं, आणि पाणी गेलं तर त्याची जागा घेण्याचं. तिची ही कला वैद्यकात खरोखर वापरली जाते. स्तनाच्या कर्करोगावरच्या ट्रास्टुझुमॅब या इंजेक्शनच्या मूळ औषधात ते नाजूक प्रथिन टिकावं म्हणून ट्रेहॅलोज घातलेली असते. कोरड्या डोळ्यांसाठी तिचे थेंब आहेत, आपल्याकडेही मिळतात. त्यामुळे 'ही साखर म्हणजे नुसती थाप' असं मी म्हणणार नाही. पदार्थ चांगला आहे, सौम्य आहे, आणि बहुतेकांच्या त्वचेला मानवतो.

मग माझा आक्षेप कशाला आहे?

आक्षेप आहे तो गोष्ट एका जागेची सांगून माल दुसऱ्या जागेसाठी विकण्याला.

वाळवंटातली ती वनस्पती ट्रेहॅलोज स्वतःच्या जिवंत पेशीच्या आत बनवते, तीही भरपूर. इंजेक्शनमध्ये ती साखर औषधाच्या प्रथिनाला अगदी चिकटून असते. डोळ्यात ती बुबुळावरच्या जिवंत, उघड्या पेशींवर थेट पडते. तुमच्या गालावर मात्र ती मृत पेशींच्या थरावर पडते, आणि तो थर पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांना सहज आत सोडत नाही. तेच तर त्याचं काम आहे! शिवाय बाटलीत ती थोडीशीच असते. तेव्हा वनस्पतीच्या पेशीत जे घडतं ते गालावरही घडेल, असं मानायला आधार नाही. गालावर ती एक साधं काम करते. वरच्या थरात थोडं पाणी धरून ठेवते आणि त्वचा काही तास मऊ ठेवते. ते चांगलं काम आहे, पण ग्लिसरीनही तेच करतं. ग्लिसरीनमागे कित्येक दशकांचा अनुभव आणि कितीतरी जास्त अभ्यास आहेत, आणि ते औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतं.

'वनस्पतिजन्य' हा शब्दही आपल्याला उगीच भुरळ घालतो. ग्लिसरीनही बऱ्याचदा वनस्पती तेलापासूनच बनतं, पण त्याची कोणी जाहिरात करत नाही. उलट क्रीममधला युरिया कारखान्यात बनतो, तरी तो आपल्या त्वचेत असणाऱ्या युरियासारखाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत युरियाचं क्रीम आहे. पदार्थ कुठून आला यावरून तो चांगला की वाईट हे ठरत नाही. बिब्बाही वनस्पतीचाच आहे, तो गालावर लावून पाहायचं धाडस कोणी करणार नाही.

मधुमेह असेल तर साखरेचं क्रीम चालतं का?

चालतं. काकांना मी जो हिशेब करून दाखवला तोच इथे देतो.

समजा सीरममध्ये २ टक्के ट्रेहॅलोज आहे. ३० मिलीच्या अख्ख्या बाटलीत मिळून ती झाली साधारण ०.६ ग्रॅम. चहाच्या एका चमच्यात साखर असते ४ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दोन-तीन महिने पुरणाऱ्या बाटलीतली सगळी साखर एका बत्ताशाएवढीही नाही. त्यातली बहुतेक त्वचेच्या वरच्या थरातच राहते आणि अंघोळीच्या पाण्यासोबत निघून जाते. तिने रक्तातली साखर वाढत नाही. 'ग्लुकोसाइड', 'सॉर्बिटॉल', 'झायलिटॉल' अशी नावं क्रीमच्या लेबलवर दिसली तरीही हेच लागू आहे.

खाण्याची गोष्ट वेगळी. ट्रेहॅलोज पोटात गेली की आतड्यात तिचं ग्लुकोज होतं. त्यामुळे 'वेगळी साखर आहे, मधुमेहाला चालते' असं सांगून कोणी ती खायला देत असेल तर भुलू नका.

उलट मधुमेही माणसाने त्वचेला काहीच न लावणं जास्त धोक्याचं आहे. तळपायाला तेलग्रंथी नसतात, तो घामाच्या ओलाव्यावरच मऊ राहतो. मधुमेहात पायाच्या नसांना इजा झाली की तिथला घाम कमी होतो, पाय कोरडा पडतो, टाच चिरते. त्याच नसांमुळे दुखणंही कळत नाही. उघड्या भेगेतून जंतू आत जातात. रक्तातली साखर जास्त असली की जखम भरत नाही, आणि पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर प्रकरण बोट किंवा पाय काढण्यापर्यंत जाऊ शकतं. हे मी घाबरवायला सांगत नाही. रोज रात्री दोन मिनिटं देऊन टाचेला क्रीम लावणं हा मधुमेहाच्या उपचाराचाच भाग आहे, ते सौंदर्यप्रसाधन नव्हे, हे पटावं म्हणून सांगतो.

किंमत ग्रॅममध्ये मोजा

माझा दुसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

कोरड्या त्वचेला गुण येतो तो पुरेसं आणि रोज लावण्याने. एक्झिमा असलेल्या लहान मुलाला आठवड्याला २५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त मॉइश्चरायझर लागतं. आठवड्याला, महिन्याला नव्हे! आकडा ऐकून आईवडिलांचे डोळे विस्फारतात, कारण आपल्याकडे क्रीम वाटाण्याएवढं घेऊन चोळायची सवय आहे.

आता ११९९ रुपयांची ३० मिलीची बाटली घ्या. एका मिलीला जवळपास ४० रुपये पडले. साधी पेट्रोलियम जेली ग्रॅमला रुपया-दोन रुपयांत मिळते. महागड्या बाटलीचं काय होतं? माणूस ती जपून वापरतो. दोन थेंब गालाला लावतो, हातापायांना काहीच नाही. आठ दिवसांनी एक दिवस चुकतो, मग दोन दिवस चुकतात. बाटली कपाटात आणि त्वचा कोरडीच. मी तर म्हणेन, जी वस्तू वापरताना तुमचा हात आखडतो ती कोरड्या त्वचेसाठी चुकीची वस्तू आहे, मग आतला घटक कितीही चांगला असो.

ज्या घरात महिन्याला इन्सुलिन, साखर तपासायच्या पट्ट्या आणि मुलांच्या फीचा हिशेब जुळवावा लागतो, त्या घरात हजार-बाराशे रुपये म्हणजे गंमत नाही. काकांच्या घरात तेवढ्याच पैशांत वर्षभर पुरेल इतकी पेट्रोलियम जेली, युरियाच्या एक-दोन ट्यूब आणि सुती मोज्यांचे दोन जोड आले असते. नातीने ते पैसे प्रेमाने खर्च केले होते. जाहिरात नेमकं हे प्रेमच हेरते.

लेबल कसं वाचायचं?

आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार लेबलवर घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. जे जास्त ते आधी. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणून बाटलीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत जे नाव आहे ते मागच्या यादीत कितव्या जागी आहे, हे पाहा.

नातीच्या बाटलीची यादी मी भिंगातून वाचली. पहिलं पाणी, दुसरं ग्लिसरीन. ट्रेहॅलोज पार खाली, परिरक्षकाच्या शेजारी. म्हणजे त्या सीरमने नातीचा गाल मऊ होत असेल तर त्याचं बरंचसं श्रेय ग्लिसरीनला होतं, आणि ती पैसे मात्र वाळवंटातल्या वनस्पतीचे मोजत होती.

यादीत सुगंध असेल आणि तुमची त्वचा लगेच लाल होणारी असेल, तर ते टाळलेलं बरं. कोणतंही नवं क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला तीन-चार दिवस लावून पाहा. आणि 'साखर त्वचेला चांगली' हे ऐकून डब्यातली साखर लिंबात कालवून चेहऱ्यावर घासू नका. विरघळलेली साखर आणि खरखरीत दाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाण्यांनी बारीक ओरखडे उठतात, त्यावर लिंबू झोंबतं, आणि आधीच कोरडी असलेली त्वचा आणखी बिघडते.

मग अशी सीरम कोणीच घेऊ नयेत का?

असं माझं म्हणणं नाही. तेलकट किंवा मुरुमांची त्वचा असेल, पेट्रोलियम जेली चेहऱ्यावर सहन होत नसेल, मुंबई-गोव्यासारख्या दमट हवेत राहत असाल, तर असं हलकं, पाण्यासारखं सीरम सोयीचं ठरतं. मुरुमांच्या औषधांनी चेहरा कोरडा पडलेल्या तरुण मुलामुलींना ते चिकट लागत नाही, म्हणून ते नेमाने लावतात, आणि नेमाने लावलेलं साधं सीरम कपाटात पडलेल्या उत्तम मलमापेक्षा केव्हाही चांगलं. परवडत असेल आणि आवडत असेल तर जरूर घ्या. हौसेलाही आयुष्यात जागा असते. फक्त ते हौस म्हणून घ्या, औषध म्हणून नव्हे. आणि घरात कोणाची टाच चिरलेली असेल, बाळाला एक्झिमा असेल किंवा आजीची नडगी खाजून सोललेली असेल, तर आधी त्यांच्यासाठी भरपूर, साधं, स्वस्त मॉइश्चरायझर आणा.

कोरड्या टाचांसाठी मी काय सांगतो?

रात्री पाय कोमट पाण्याने धुवा. मधुमेह असेल तर पाणी कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाताने तपासून घ्या, कारण पायाला चटका कळत नाही. पाय जास्त वेळ भिजवत ठेवू नका. टिपून कोरडे करा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. टाच थोडी ओलसर असतानाच १० टक्के युरियाचं क्रीम चोळा आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवून सुती मोजे घाला. बोटांच्या बेचक्यांत क्रीम लावू नका, तिथे ओल राहिली की बुरशी येते. क्रीम लावून अनवाणी फरशीवर चालू नका, घसराल.

टाचेची कडक कातडी ब्लेडने किंवा कात्रीने कापू नका. चपला मागून बंद असलेल्या वापरा. रोज पाय पाहा, तळवा दिसत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना पाहायला सांगा. भेगेतून पाणी, पू किंवा रक्त येत असेल, आजूबाजूला लाली किंवा सूज असेल, तर घरी काही लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उघड्या जखमेवर युरियाचं क्रीमही लावायचं नाही, ते झोंबतं.

मॉइश्चरायझर लावूनही सगळं अंग खाजत असेल तर थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत आणि साखर यांची तपासणी करून घ्या. कोरडेपणाचं कारण कधीकधी त्वचेच्या बाहेर असतं.

काकांच्या भेगेत जंतुसंसर्ग सुरू झाला होता. प्रतिजैविकं, रोजचं ड्रेसिंग, पायाच्या नाडीची तपासणी, वाढलेल्या साखरेसाठी औषधात बदल, असं सगळं करून ती भरायला पाच आठवडे लागले. सुदैवाने हाडापर्यंत काही गेलं नव्हतं. पुढच्या वेळी नातही सोबत आली होती. थोडी ओशाळली होती. "डॉक्टर, माझ्यामुळे झालं का हे?" तिने विचारलं. तिला म्हटलं, तुझ्यामुळे नाही, पण आता तुझी मदत लागेल. तिची परीक्षा झालेली होती आणि ती महिनाभर घरी राहणार होती. तिला आजोबांचे पाय रोज कसे पाहायचे ते शिकवलं.

सीरम तिने परत घेतलं आणि ती ते स्वतःच्या चेहऱ्याला लावते. आजोबांच्या पलंगाखाली आता युरियाची ट्यूब आणि जेलीचा मोठा डबा असतो. मागच्या आठवड्यात काका आले तेव्हा न सांगताच त्यांनी मोजा काढून पाय पुढे केला. "बघा डॉक्टरसाहेब, साखरेशिवाय मऊ झालाय." मी त्यांना पुन्हा एकदा सांगितलं की साखरेचा दोष नव्हता. ते पूर्ण पटलेलं दिसलं नाही. पण क्रीम रोज लावतात, आणि सध्या माझी तक्रार नाही.